पाणी शुद्ध कशानं होतं? : ब्लीचिंग पावडरीचा एक इतिहास



गेल्या महिन्यातलं व्याख्यान संपल्यावर आपल्यापैकी एका गृहस्थांनी मला बाजूला घेतलं. त्यांच्या मुलानं इथेच, येरवड्यात, बंगल्याच्या मागच्या अंगणात पोहण्याचा छोटा तलाव बांधलाय. देखभाल करणारा माणूस दर महिन्याला महागाची पावडर आणायला सांगतो. सूनबाईंचं म्हणणं असं की, कपडे पांढरे करायला आणि न्हाणीघर धुवायला आपण जी ब्लीचची बाटली आणतो, तीच ओतली तर काय बिघडलं? गृहस्थ म्हणाले, "सर, तुम्ही डॉक्टर आहात, सांगा." मी म्हटलं, अहो, मी डॉक्टर आहे तो तत्त्वज्ञानाचा. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. उत्तर मी देणार आहे, पण शेवटी. आधी जरा फिरून येऊ.

सूनबाईंनी जे विचारलं तेच विचारत विचारत माणूस ब्लीचपासून पिण्याच्या पाण्यापर्यंत पोचलाय. कपड्यांसाठी केलेली वस्तू पाण्यात घालावी का?

अठराव्या शतकात युरोपात तागाचं कापड पांढरं करायचं म्हणजे ते आठवडेच्या आठवडे, कधी काही महिने, गवतावर उन्हात पसरून ठेवायचं. मधूनमधून राखेच्या क्षारात उकळायचं आणि आंबट ताकात भिजवायचं. हो, ताकात! १७७४ साली शेले नावाच्या स्वीडिश औषधविक्यानं एक पिवळट-हिरवा, घशाला झोंबणारा वायू तयार केला. आपण मूलद्रव्य शोधलंय हे त्याला कळलं नाही. क्लोरीन हे नाव डेव्हीनं १८१० मध्ये दिलं. दरम्यान फ्रान्समध्ये बर्थोलेनं या वायूनं रंग उडतो हे हेरलं आणि पॅरिसजवळच्या जावेल गावी 'जावेलचं पाणी' विकायला निघालं. म्हणजे आज आपल्या मोरीत जी बाटली असते तिची आजी. १७९९ मध्ये ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटनं हा वायू विरवलेल्या चुन्यात मुरवून कोरडी पूड करण्याचं पेटंट घेतलं. ती ब्लीचिंग पावडर. आपल्याकडे ग्रामपंचायतीचा शिपाई जिला 'टीसीएल' म्हणतो, तीच.

आता हे लक्षात घ्या की, तोवर रोग जंतूंमुळे होतात हे सर्वमान्य नव्हतं. रोग होतो तो दुर्गंधीनं, ही समजूत होती. ब्लीचिंग पावडर वास घालवते, म्हणून ती वापरायची. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइसनं शवविच्छेदन करून येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले, का? तर प्रेताचा वास जो साबणानं जात नाही तो यानं जातो. कारण चुकीचं, पण उपाय बरोबर. त्या वॉर्डातलं बाळंतिणींच्या मृत्यूंचं प्रमाण दहा टक्क्यांच्या वर होतं, ते दोन टक्क्यांच्या आसपास आलं. आणि तरी सहकाऱ्यांनी त्याचं ऐकलं नाही. तुमच्या हाताला विटाळ आहे, हे डॉक्टरला सांगणं तेव्हाही सोपं नव्हतं. विटाळ हा शब्द मी मुद्दाम वापरतोय, तो पुढे लागणार आहे.

पाण्याकडे येऊ. १८५४ मध्ये लंडनला जॉन स्नोनं दाखवलं की पटकी पाण्यातून पसरते. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉखनं कलकत्त्याच्या तळ्यांतल्या पाण्यात तिचा जंतू दाखवला. आग्र्याला हॅनकिन नावाचे शास्त्रज्ञ पटकीच्या साथीत विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा पुरस्कार करत होते. विहिरीचं पाणी गुलाबी व्हायचं. याच हॅनकिननी १८९६ मध्ये गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू टिकत नाहीत असं नोंदवलं होतं. ते जरा बाजूला ठेवा.

१८९७ मध्ये इंग्लंडात मेडस्टोन गावी विषमज्वराची साथ आली, तेव्हा तिथल्या नळांतून ब्लीचिंग पावडरीचं पाणी सोडून ते निर्जंतुक केलं. ते तात्पुरतं होतं. १९०५ मध्ये लिंकन शहरात ह्यूस्टननं ते सतत चालवलं आणि २६ सप्टेंबर १९०८ ला अमेरिकेत जर्सी सिटीच्या पाण्यात जॉन लील या डॉक्टरनं रोज थोडी ब्लीचिंग पावडर घालायला सुरुवात केली. कोणाला न विचारता! प्रकरण कोर्टात गेलं. पिण्याच्या पाण्यात रसायन, म्हणजे विषच की, असा सूर होता. कोर्टानं उपाय ग्राह्य धरला आणि पुढच्या काही वर्षांत गावोगाव तोच प्रकार सुरू झाला.

१८९७ म्हटल्यावर पुणेकराला दुसरंच आठवतं. प्लेग, रँड, घरोघर शिरणारे गोरे सोजीर, रस्त्यावर काढून जाळलेलं सामान, भिंतींवर मारलेली औषधं. रँडवर गोळी झाडणाऱ्या दामोदर चापेकरांना एप्रिल १८९८ मध्ये फाशी झाली ती इथेच, येरवड्याच्या तुरुंगात. आपल्याकडे निर्जंतुकीकरण आलं ते असं, बुटांच्या आवाजाबरोबर. मेडस्टोनला नागरिकांनी नळ सोडून ठेवले आणि पुण्यात नागरिकांनी दारं लावून घेतली. पुढे कित्येक वर्षं सरकारी माणूस विहिरीत काहीतरी पांढरं टाकतोय म्हटल्यावर लोक लांबून संशयानं बघत. त्याला 'अडाणीपणा' म्हणून मोकळं होणारे लोक मला आवडत नाहीत. ज्याच्या घरात शिरून त्याची भांडीकुंडी बाहेर फेकली, त्यानं औषधावर विश्वास कसा ठेवायचा?

आता येरवड्याला आलोच आहोत तर नदीवर जाऊ. बंड गार्डन म्हणताना आपण कधी विचार करत नाही की हा 'बंड' म्हणजे उठाव नव्हे, बंधारा. सर जमशेटजी जीजीभाईंनी मोठी देणगी दिली आणि १८५० मध्ये मुळा-मुठेवर बंधारा झाला, पुण्याला पाणी मिळावं म्हणून. आज त्या पाण्यात कोणी पाय घालणार नाही. पेशवाईत पुण्याचं पाणी कात्रजच्या तलावातून बंदिस्त नळानं यायचं, वाटेत उच्छ्वासांत गाळ बसायचा, मग पेठांतल्या हौदांत पडायचं. पाणी चांगलं होतं. पण ते कोणी भरायचं? १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला, एवढी साधी गोष्ट इतिहासात नोंदवावी लागते, यातच उत्तर आलं.

आणि मग महाड. २० मार्च १९२७. मुंबई कायदे कौन्सिलात बोल्यांचा ठराव १९२३ मध्येच झाला होता, महाड नगरपालिकेनं १९२४ मध्ये चवदार तळं खुलं असल्याचं जाहीरही केलं होतं. पण प्रत्यक्ष पाणी घ्यायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंच्या समुदायासह गेले, ओंजळीनं पाणी प्यायले, तेव्हा काय झालं हे आपण जाणता. मारहाण झाली. मला आज त्यानंतरच्या घटनेविषयी बोलायचंय. तळं बाटलं म्हणून ते शुद्ध करण्यात आलं. १०८ घागरी पाणी उपसून बाहेर टाकलं आणि शेण, गोमूत्र, दूध, दही घालून घागरी मंत्रोच्चारात पुन्हा तळ्यात ओतल्या.

मी पस्तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. 'शुद्ध' या शब्दावर वर्गात तासन्‌तास बोललो. पण या प्रसंगाइतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. त्या तळ्यावर गुरं येत होती, त्यानं ते बाटत नव्हतं. इतर धर्मांचे लोक पाणी नेत होते, त्यानं बाटत नव्हतं. म्हणजे 'अशुद्ध' हा पाण्याचा गुण नव्हताच. कोण प्यायलं, यावर तो ठरत होता. शुद्धी करताना मात्र जे घातलं, त्यानं पाण्यातले जंतू वाढलेच असणार. १९२७ साल आहे हे! जर्सी सिटीच्या खटल्याला पंधराहून अधिक वर्षं उलटली होती. पुढे हा दावा दहा वर्षं चालला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टानं निकाल दिला, की अस्पृश्यांना वगळण्याची अनादिकालापासूनची रूढी विरुद्ध बाजूला सिद्ध करता आलेली नाही.

याच्या अगदी उलट टोकाची एक वस्तू दाखवतो. वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना ती अजून पाठ करावी लागते. 'हॉरॉक्सचा संच'. ब्रिटिश लष्कराच्या वैद्यकीय दलातले हॉरॉक्स. लष्कर कुठेही तळ ठोकणार, मिळेल ते पाणी पिणार, तर त्यात ब्लीचिंग पावडर नेमकी किती घालायची? संचात सहा पांढरे पेले, एक काळा पेला, दोन ग्रॅमचा चमचा. काळ्या पेल्यात चमचाभर पावडर कालवायची. सहा पेल्यांत विहिरीचं पाणी घ्यायचं. पहिल्यात त्या कालवलेल्या पाण्याचा एक थेंब, दुसऱ्यात दोन, असे सहाव्यात सहा. अर्धा तास थांबायचं. मग प्रत्येकात स्टार्च-आयोडाइडचे तीन थेंब. जिथे पहिल्यांदा निळा रंग दिसेल तो पेला मोजायचा. तिसऱ्यात दिसला तर तीन चमचे, म्हणजे सहा ग्रॅम पावडर ४५५ लिटर पाण्याला.

निळा रंग म्हणजे काय? पाण्यात जी घाण होती तिच्यावर खर्च होऊन क्लोरीन थोडा शिल्लक राहिला. घाण जास्त, तर क्लोरीन जास्त खातं. मला या प्रयोगात गंमत वाटते ती ही की, पाण्यालाच विचारलं जातं, बाबा, तुला किती हवंय? विहीर कोणाच्या आळीतली, हे पेल्याला कळत नाही. आणि तो 'शिल्लक' क्लोरीनही महत्त्वाचा. नुसतं आत्ताचं मारून भागत नाही, पुढे नळात, हंड्यात, ओगराळ्यात जे शिरेल त्यालाही पुरून उरलं पाहिजे. पाणी तासभर ठेवल्यावर लिटरला अर्धा मिलिग्रॅम उरावा, हा आपल्याकडचा पाठ्यपुस्तकी नियम.

आपल्या नागपूरच्या 'नीरी'नं तर यासाठी मडकी वापरली. दुहेरी मडक्याची पद्धत. एका मडक्यात दुसरं मडकं, आतल्यात एक किलो ब्लीचिंग पावडर आणि दोन किलो जाड वाळू ओलसर करून भरायची, दोन्हींना एकेक सेंटिमीटरचं भोक, आणि दोरीनं विहिरीत पाण्याखाली मीटरभर सोडून द्यायचं. घरगुती विहिरीला दोन-तीन आठवडे हळूहळू क्लोरीन मिळत राहतो. कुंभाराच्या चाकावरचं यंत्र! आषाढी वारीला आळंदीहून माउलींची पालखी विश्रांतवाडी, फुलेनगरवरून पुण्यात येते. एके काळी वारी आणि पटकी हे शब्द जोडीनं उच्चारले जात. आज ते कोणाला आठवतही नाही, त्यात त्या टीसीएलच्या पोत्यांचा मोठा वाटा आहे. त्यांच्यावर कोणी अभंग लिहिला नाही, एवढंच.

इथे मला माझं सांगावंसं वाटतं. १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं, मागोमाग खडकवासला. मी शाळेत होतो. आमचा वाडा सदाशिव पेठेत वरच्या अंगाला, त्यामुळे पाणी आत आलं नाही. पण खडकवासल्याचं धरणच गेल्यावर नळाला येणार काय? पूर आलेल्या शहरात प्यायला पाणी नाही, हे त्या वयात मला चमत्कारिक वाटलं होतं. वाड्यातला आड बरीच वर्षं झाकलेला होता. तो उघडला, उपसला आणि एक माणूस येऊन बादलीत पांढरी पूड कालवून, खाली गाळ बसू देऊन, वरचं निवळ पाणी आडात ओतून गेला. त्या वासानं सगळा चौक भरला.

माझी आजी कडक सोवळ्यातली. कोणाच्या हातची पूड, कोणी कालवली, काही पत्ता नाही. पहिला दिवस ती पाणी प्यायली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच तोड काढली. म्हणाली, "औषधाला विटाळ नसतो." आणि देव्हाऱ्यातल्या गंगाजलाच्या गडूतले दोन थेंब हंड्यात घालून प्यायली. पुढे हॅनकिनचं वाचलं तेव्हा मला आजीची फार आठवण झाली. गंगाजलाचे दोन थेंब घातल्यानं हंड्यातल्या क्लोरीनचं काही बिघडलं नसणार. तिनं ब्लीचिंग पावडर नाकारली नाही आणि शास्त्रही मोडलं नाही, पावडरीला औषधाच्या फडताळात बसवलं आणि प्रश्न मिटवला. आपल्या समाजात बरेच बदल असेच झालेत, तत्त्व न बदलता, फडताळ बदलून.

पण एवढंच सांगून थांबलो तर गोष्ट गोड होईल, आणि ती तशी नव्हती. आड उघडला तेव्हा मागच्या गल्लीतली माणसं पाण्याला यायला लागली. आमच्याकडे संडास साफ करायला येणाऱ्या बाईसुद्धा, मागच्या बोळातून नव्हे, पुढच्या दारातून, कळशी घेऊन. रांगेत त्या आणि माझी आत्या मागेपुढे उभ्या असलेल्या मी पाहिल्यात. कोणी काही बोललं नाही. मग नळाला पाणी आलं. आडावर पुन्हा फळ्या पडल्या आणि त्या बाई पुन्हा मागच्या बोळातून यायला लागल्या. तेव्हाही कोणी काही बोललं नाही. मीही नाही. मी लहान होतो हे खरं, पण कॉलेजात जाईपर्यंत मला त्यात काही खटकलंही नव्हतं. नळाचं पाणी तर चोवीस तास क्लोरीन घातलेलं होतं! तेव्हा रसायन जात घालवतं, असं म्हणणाऱ्यांच्यात मी नाही.

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. १८ जून १९६४ ला अमेरिकेत फ्लॉरिडातल्या सेंट ऑगस्टीन गावी, मॉन्सन मोटर लॉजच्या पोहण्याच्या तलावात काळे आणि गोरे आंदोलक एकत्र उतरले. मॅनेजरनं तलावात ॲसिड ओतलं, फरशा साफ करायचं हायड्रोक्लोरिक ॲसिड. त्याचं छायाचित्र जगभर गेलं. तलाव साफ करायच्या सामानानंच 'शुद्धी' केली जात होती. महाडनंतर सदतीस वर्षांनी.

आगाखान पॅलेस इथून जवळ आहे. गांधीजी तिथे ऑगस्ट १९४२ ते मे १९४४ स्थानबद्ध होते. त्यातल्या पहिल्याच काही महिन्यांत त्यांनी आरोग्यावर एक छोटं पुस्तक गुजरातीत लिहिलं, इंग्रजीत ते 'की टू हेल्थ' म्हणून आलं. त्यात पाण्यावर एक प्रकरण आहे. पाण्याविषयी जरा जरी शंका असली तरी उकळून प्या, प्रवासात आपलं पाणी जवळ बाळगा, असा सल्ला देऊन ते म्हणतात की, सनातनी मंडळी धर्माच्या नावाखाली परक्याचं पाणी पीत नाहीत, तर जाणत्यांनी आरोग्यासाठी तेवढं करायला काय हरकत? मला हा युक्तिवाद चतुर वाटतो, आणि थोडा धोक्याचाही. विटाळाची सवय तशीच ठेवून तिला आरोग्याचं कारण पुरवलं तर ती सवय जाते की पक्की होते? याच येरवड्यात, तुरुंगात, २४ सप्टेंबर १९३२ ला पुणे करारावर सह्या झाल्या होत्या, त्याला तेव्हा दहा वर्षं होऊन गेली होती. बाबासाहेबांना या वाक्याबद्दल विचारायला मला आवडलं असतं.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या बाजूला गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण निघाले, तेव्हा विहिरीच्या पाण्यात क्लोरीन आहे का, ही पहिल्या पानावरची बातमी झाली. घरोघर बाटल्या वाटल्या गेल्या. तोवर पाण्याला जरा वास आला की आपण तक्रार करत होतो. असो.

आता सूनबाईंचं उत्तर. होय, चालतं, कारण पाण्यात गेल्यावर महाग पावडर काय आणि बाटली काय, काम करणारं द्रव्य एकच, हायपोक्लोरस आम्ल. पण बाटली साधी हवी. सुवास, रंग, फेस येणारं काही घातलेलं नको. हिशोब करा: तलाव ५० हजार लिटरचा, लिटरला दोन मिलिग्रॅम क्लोरीन हवा, म्हणजे एकूण १०० ग्रॅम. बाटलीत पाच टक्के असेल तर लिटरला ५० ग्रॅम, म्हणजे दोन लिटर लागेल. ब्लीचिंग पावडर तेवढ्याच कामाला ३०० ग्रॅम पुरेल, पण तिच्या चुन्यानं पाणी गढूळ होतं, म्हणून निवळी घ्यावी लागते. बाटली उन्हाळ्यात घरात पडल्या पडल्या निम्मी मरते, तेव्हा लेबलावर विसंबू नका. तारीख बघा आणि सावलीत ठेवा. दुपारच्या उन्हात तलावातला क्लोरीन दोन-तीन तासांत बराचसा उडून जातो, म्हणून संध्याकाळी ओतायचं. महागाच्या पावडरीत पुष्कळदा उन्हापासून सांभाळणारं सायन्यूरिक आम्ल असतं, पैसे त्याचेही असतात. ब्लीचनं पीएच वर चढतो आणि तो आठाच्या पुढे गेला की क्लोरीन असून नसल्यासारखा. तेव्हा सव्वासात ते पावणेआठच्या दरम्यान राहतो का, ते रोज कागदी पट्टीनं बघायचं. डोळे झोंबले, उग्र वास आला, तर क्लोरीन जास्त झाला असं समजू नका. बहुतेक वेळा तो कमी पडलेला असतो. तो वास घामाशी आणि, माफ करा, मुलांच्या लघवीशी संयोग झालेल्या क्लोरीनचा असतो.

आणि एक. फरशीचं ॲसिड आणि ब्लीच एकत्र कधी, चुकूनही, एका बादलीत घालू नका. दोन प्रकारच्या पावडरीही मिसळू नका. १९१५ मध्ये ईप्रला खंदकांवर जो वायू सोडला, तो क्लोरीन बादलीतून निघेल. ओतणाऱ्याला हातमोजे आणि चष्मा द्या. तुमच्याकडे हे काम कोण करतो ते मी त्या गृहस्थांना विचारलं होतं. एक मुलगा आहे म्हणाले, सकाळी येतो, पट्टी बुडवून बघतो, जाळीनं पानं काढतो. तो कधी पोहतो का, असंही विचारलं. त्यावर ते जरा थांबले आणि म्हणाले, "हे कधी डोक्यातच आलं नाही, सर." ते आज तिसऱ्या रांगेत बसलेत, मी त्यांच्याकडे बघत नाहीये.

प्रश्न असतील तर घेऊ. माइक मागे द्या.